डावऱ्या हाताचे सरगुंडे

सरगुंडे म्हणजे आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसासोबत खातात ते. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची, की पोकळ, पीळदार नळी हातात राहते. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली. पण या सरगुंड्यांच्या जोरावर नातीच्या जीवशास्त्रात घुसले, आणि तिला जवळजवळ नापास करूनच बाहेर आले.

नातीला जन्मापासून दिसत नाही. पोरगी हट्टी, सायन्सच घेतलं. कॉलेजात सरांनी एक यंत्र आणलं. पेनासारखी दांडी हातात धरायची. कॉम्प्युटरमधल्या डीएनएला टोक लागलं की दांडी हात मागे ढकलते. डोळ्यांना नाही तर नाही, बोटांना तो कळतो. पण यंत्र एक, पोरं वर्गभर. हिच्या वाट्याला पाच मिनिटं. त्यात दोन दोऱ्या आहेत एवढंच कळायचं.

"आजी, दोन्ही एकमेकींभोवती फिरत फिरत वर जातात."

"मंग त्यात काय? एकाच काडीवर दोन दोऱ्या गुंडाळून देते तुले."

डबाभर केले, वाळवले. तुटले ते दूध-गुळात घालून खाल्ले. उरलेल्यांवर बोटं फिरवत तिनं महिनाभर पाठांतर केलं.

प्रॅक्टिकलला मी सोबत गेले. हे गेलं तर वर्ष गेलं, म्हणून पोरीनं सकाळपासून घास घेतला नव्हता. मी दाराशी बाकावर बसले, तर आतून तिचाच आवाज.

"सर, मशीन बिघडलं. डीएनए उलटा फिरून राह्यला."

"बरोबर फिरतोय. तू कशावर शिकलीस?"

"आजीच्या सरगुंड्यांवर."

झालं, मला आत बोलावलं. डबा पिशवीत होताच. सरांनी एक सरगुंडा उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, तुम्ही डावऱ्या का?"

"हाव. सासूनं लई टोकलं, पण हात काही बदलला नाही. काऊन?"

"सगळा डबा उलट्या पिळाचा आहे."

"उलटा हाय तर पालथा धरा ना, साहेब!"

त्यांनी धरला. पीळ तसाच. मी हिसकावून आडवा केला, उभा केला. तसाच!

नात हसायलाच लागली. एका हातात सरगुंडा, दुसऱ्यात दांडी घेऊन तिनं दोन्ही चाचपले. "सर, डाव्या पायातली चप्पल पालथी केली म्हणून उजव्या पायात बसते का? डीएनए उजवा, आजीचा डावा. कसाही फिरवा."

"हेच विचारणार होतो," सर म्हणाले, आणि कागदावर गुण लिहिले. पास.

सरांनी डबा वर्गासाठी ठेवून घेतला, वर उजव्या हाताचेही मागितले. मी उजव्यानं करून पाहिले. ते ना डावे ना उजवे, नुसता गुंता. शेवटी शेजारणीकडून करून घेतले. तो डबा देताना सरांना बजावलं, "शिकवाले तिचे ठेवा साहेब, पण खायाले माझेच."