रत्नमालेची फुलवंता

राग आला की रत्नमालेचा पाय शिलाई मशीनच्या पायडलवर भलताच धावतो आणि शिवण वाकडी जाते. एकोडीच्या बायांना हे ठाऊक आहे. म्हणून त्या सकाळी ब्लाउज मागायला आलेल्या शकुनबाईला मशीनवर झाकण दिसलं, तेव्हा ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "कोणावर तापली वो आज?"

"पुण्यावर," रत्नमाला म्हणाली.

पुणं काही एकोडीच्या शिवेवर नाही, की जाऊन चार शब्द सुनावावेत. राग तसाच अंगात घेऊन ती चुलीपाशी बसून राहिली.

झालं होतं ते असं. पुण्यात एक एजन्सी होती. नव्या लेखकांची पुस्तकं वाचायची, पटली तर प्रकाशकाच्या गळी उतरवायची, हा तिचा धंदा. रत्नमालेने तिथे आपल्या पहिल्या कादंबरीचा प्रस्ताव पाठवला होता. दहावीपर्यंत शिकलेली ही बाई. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत बसायची. आधी कागदावर लिहिलं, मग मोबाइलवर अंगठ्याने अक्षर न् अक्षर उतरवलं. कादंबरीतली फुलवंता रोवणा करणारी, म्हणजे दुसऱ्यांच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, धानाचं रोप लावणारी. तिची स्वतःचीही एक बांधी आहे, पण अगदी खालच्या टोकाला. तलावाचं पाणी वरच्या बांध्यांतच मुरवलं जातं, खाली पोचत नाही. फुलवंता ते पाणी मागायला उठते. एवढीच गोष्ट. पण ती लिहिताना रत्नमाला एकटीच हसली होती, एकटीच रडली होती, आणि दोनदा भात करपवला होता.

एजन्सीने सुरुवातीची पानं मागितली होती आणि सोबत सगळ्या गोष्टीचा सारांश, शेवटासकट. रत्नमालेने सारांश लिहिला. फुलवंता बायांना घेऊन तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चढते, इथवर लिहिला आणि थांबली. खाली टाकलं, 'शेवट पुस्तकात वाचावा.'

पुण्याहून उत्तर आलं. 'सारांशात शेवट नाही. अपूर्ण प्रस्ताव आम्ही वाचत नाही.' नाव नाही, नमस्कार नाही.

"गोष्टीचा शेवट कोणी आधी मागते का?" रत्नमाला आईला म्हणाली. "तू कधी सांगतला का आधी?"

आई म्हणजे बायजाबाई. तिचं वय झालं, पाठ वाकली ती रोवण्यानेच वाकली. पण तिच्या काळात ज्या बांधीत बायजाबाई, त्या बांधीत बायांची कमी नसे. चिखलात ओळीने वाकलेल्या बाया, हातात रोपांच्या पेंड्या, आणि बायजाबाईची गोष्ट रोज थोडी थोडी पुढे सरकायची. शेवट सांगायचा तो शेवटच्या बांधीत, शेवटची पेंडी सोडली की. त्याआधी कोणी पाया पडलं तरी नाही. रत्नमाला याच चिखलात मोठी झालेली. शेवट राखून ठेवणं म्हणजे गोष्टीची अब्रू राखणं, हे तिच्या हाडांत बसलेलं.

बायजाबाईने तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली. "अवो पोरी, गुत्त्याच्या, ठेक्यानं आलेल्या बाया रोवणा अर्ध्यावर सोडून दुसऱ्याच्या बांधीत पळत. शेवटासाठी तरी परत येत, म्हणून मी राखून ठेवो. तू काय त्या पुण्याच्या लोकायले रोवणा करायले बोलावून राहिली?"

शकुनबाई दाराला धरून हसली. रत्नमालेला आता पुण्याचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. इतक्या वर्षांची अब्रू ती, आणि निघाली काय तर मजुरांना धरून ठेवायची युक्ती!

"पण एक आहे," शकुनबाई हसू पुसत म्हणाली. "भय्याजीच्या बांधीतलं आठवते का तुले?"

आठवत होतं. न आठवायला काय झालं? भय्याजी म्हणजे गावचे मोठे शेतकरी. बायजाबाईच्या गोष्टीतला मालक मजूर बायांची शिदोरी चोरून खायचा, आणि बाया भय्याजींकडे पाहून खुदुखुदु हसायच्या. शेवटच्या बांधीत भय्याजी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उभे राहिले. "बायजे, मालकाले शेवटी चांगला कर. देवळात बसव त्याले." बायजाबाईने कंबर सरळ केली, चिखलातून निघाली आणि धुऱ्यावर जाऊन बसली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या बाया. उपटलेली रोपं उन्हात माना टाकू लागली. शेवटी भय्याजीच म्हणाले, "सांग बाई, जसा सांगायचा तसा सांग." त्या गोष्टीतला मालक उपाशी झोपला, तो झोपलाच.

म्हणजे गोष्टीची अब्रू शेवट लपवण्यात नव्हती, तो न बदलण्यात होती. रत्नमालेने राग गिळला. सारांश पुन्हा लिहिला, शेवटासकट. पाठवून दिला. पुण्याने मग सगळी कादंबरी मागितली, तीही पाठवली.

मग नुसती वाट पाहणं. ते दिवस तिचे तिलाच माहीत. कापड बेततानाही तिला पुस्तक दिसायचं. वरच्या बाजूला नाव, खाली गावाचं नाव. हे पुस्तक तिला हवं होतं, तहानेला पाणी हवं असतं तसं. कोणी विचारलं तर म्हणायची, "होईल तं होईल, नाही तं नाही." खोटं बोलायची.

फोन आला तेव्हा रोवण्याचा शेवटचा दिवस होता. गावातल्या घनश्यामच्या बांधीत बाया वाकल्या होत्या. बायजाबाई धुऱ्यावर छत्री धरून बसली होती. आणि यंदा रोवता रोवता गोष्ट सांगत होती रत्नमाला, फुलवंताचीच. फुलवंता पाळीवर चढली होती. फोन वाजला. रत्नमालेचे हात चिखलाने भरलेले. शकुनबाईने तिच्या कमरेची पिशवी उघडली, फोन काढला, मोठ्या आवाजावर लावून तिच्या कानाशी धरला.

"रत्नमालाताई? मी रश्मी, पुण्याहून. ताई, काय लिहिलंय तुम्ही! मी एका बैठकीत संपवलं."

रत्नमालेच्या डोळ्यांत पाणी आलं. बाया थांबल्या.

"फक्त शेवट," रश्मी म्हणाली. "ती जिंकते, ते जरा सोपं वाटतं. वाचक हलणार नाही. त्यापेक्षा तिने त्याच तलावात जीव दिला तर? तुमच्या बायकांचं दुःख लोकांपर्यंत पोचेल."

"आमच्या म्हणजे कोणाच्या?"

"म्हणजे... गावाकडच्या. वाईट अर्थाने नाही हं, ताई. तेवढा शेवट बदललात तर मी उद्याच प्रकाशकांशी बोलते."

उद्याच. रत्नमालेने डोळे मिटले. वर नाव, खाली गाव. नुसतं हो म्हणायचं होतं. फुलवंता कागदावरची बाई. बुडाली तर कोणाचं काय जाणार होतं? तिने डोळे उघडले. समोर बाया उभ्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि एकीच्याही तोंडावर जीव द्यायची घाई नव्हती. ही पोरगी एवढं वाचून, एवढं कौतुक करून, शेवटी बाई बुडवायलाच आली! आणि तिचा आवाज तर किती गोड!

"फुलवंताले पोहता येते, मॅडम," रत्नमाला म्हणाली.

"अं?"

"तिले तलावात टाकलं तरी मरत नाही. भर उन्हाळ्यात कोरड्या विहिरीतून पाणी काढलं तिनं, तेव्हा मेली नाही. आता पाणी येऊन राहिलं तं मरन? कायले? तुमच्या वाचकाले हलायचं आहे म्हणून?"

"ताई, तुम्ही रागावलात..."

"हो. रागावलो."

"मग आपल्याला पुढे जाता येणार नाही."

"नका जाऊ."

शकुनबाईने फोन बंद केला आणि पदराला पुसून पिशवीत ठेवला. रत्नमाला वाकली आणि रोपं खोचू लागली, चिखलाला मारल्यासारखी. पुस्तक गेलं होतं, हातातोंडाशी आलेलं.

"ओळ वाकडी चालली वो," शकुनबाई हळूच म्हणाली.

"चालू दे."

शेवटची पेंडी उरली. बाया काही हलेनात. "मंग सांग ना," एक जण म्हणाली. "पाळीवर चढली, मंग?"

रत्नमालेने पेंडी सोडली आणि सांगितलं. रागातच सांगितलं. बायांनी मिळून तलावाचं गेट कसं फिरवलं, पाणी बांधीबांधीतून खाली कसं उतरलं, आणि फुलवंता आपल्या त्या टोकाच्या बांधीत एकटीच कशी नाचली, शिव्या देत देत.

"मोठ्यानं सांग," धुऱ्यावरून बायजाबाई ओरडली. "शिव्या ऐकू नाही आल्या."

रत्नमालेने त्या पुन्हा दिल्या.

घरी येऊन तिने पाय धुतले आणि मोबाइल घेऊन बसली. दुसऱ्या एका एजन्सीचा पत्ता तिच्याकडे होता. त्या एजन्सीलाही सारांश हवा होता, शेवटासकट. रत्नमालेने तो या वेळी शेवटापासूनच सुरू केला. पहिली ओळ लिहिली: 'फुलवंता मरत नाही. हे आधी वाचा, पटलं तरच पुढे जा.'