आठ वाजून सात मिनिटांचा चंद्र

नीलांबरीबद्दल वाईट लिहायचं तर आधी चांगलं लिहून टाकावं लागेल, आणि ते बरंच आहे.

हे गेले आणि मी ईडन प्रेरीला मुलाकडे राहायला आले, त्याला चौदा वर्षं झाली. बर्फ पडायला लागला की माझा बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे नीलांबरीची गाडी. डोळ्यांचा डॉक्टर, मंडळाची सभा, कुणाकडचं बारसं, सगळीकडे तीच न्यायची. माझा प्रसाद म्हणतो, आई, मी आहे ना. पण तो असतो तो मीटिंगमध्ये. नीलांबरी नागपूरची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, हाताखाली तीस माणसं. तरी रविवारी माझ्या मराठी शाळेत खुर्च्या मांडायला ती सगळ्यांच्या आधी हजर असायची.

तिच्यात एकच दोष होता आणि इतकी वर्षं मी तो गुण समजत आले. तिला कुणाचा उतरलेला चेहरा बघवत नाही. कुणाचे अनारसे फसले तर ही तीन खाऊन चौथा मागणार. कुणाचं गाणं बेसूर झालं तर ही पहिल्या रांगेत बसून मान डोलावणार. मी विणलेला स्वेटर तिला चांगला चार बोटं आखूड झाला होता, तो घालून ती अख्खा हिवाळा हिंडली. ती लोकांशी गोड खोटं बोलते हे मला दिसत होतं. माझ्याशीही बोलत असेल हे मात्र कधी मनात आलं नाही.

आमची ओळखच मुळी चंद्रावरून झाली. ती नवीन आली तेव्हा नागपूरच्या कॅलेंडरातली वेळ बघून संकष्टीला अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तासभर चंद्राची वाट बघत कुडकुडत उभी होती. शेवटी कुणीतरी तिला माझा नंबर दिला. मी तिला फोनवर सांगितलं, "अगं, प्रत्येक गावाचा चंद्र आपापल्या वेळेला उगवतो. नागपूरचा इथे चालत नाही आणि शिकागोचाही चालत नाही." तेव्हापासून मी दर वर्षी मंडळासाठी इथल्या चंद्रोदयाचा तक्ता करते, ती तो छापते आणि घरोघरच्या फ्रीजवर लावून येते.

आता शाळेचं सांगते. लायब्ररीच्या मागच्या खोलीत दर रविवारी दोन तास. मुलं येतात, बाराखडी म्हणतात, नाटकात मावळे होतात आणि चौदाव्या वर्षी फुटबॉल सुरू झाला की जातात. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देतात. चौदा वर्षांत एकाही मुलानं मला आपणहून मराठीत चार ओळी लिहिल्या नव्हत्या. गेल्या उन्हाळ्यात पाच मुलं उरली आणि मंडळाला ती खोली डान्सच्या क्लासला हवी झाली. दिवाळीनंतर शाळा बंद करायची असं मी ठरवलं. ते मी फक्त नीलांबरीला सांगितलं, आणि सांगताना मला रडू आलं. तिच्यासमोर रडले ही माझी पहिली चूक.

त्याच ऑगस्टमध्ये तिची अनया एका सेमिस्टरसाठी इटलीला, सिएनाला शिकायला निघाली. सहा वर्षांची असल्यापासून ती माझ्या शाळेत होती. पाया पडायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, मला एक पान लिही. मराठीत लिही. ते गाव पहिल्यांदा बघून काय वाटलं तेवढंच, पण खरं लिही. ती म्हणाली, "ओके काकू, पण मिस्टेक्स असतील हां." मी म्हटलं, चुका मी बघेन. माझ्या फोनवर मी फक्त बोलते, बाकीची त्याची करामत मला येत नाही. म्हणून तू आईकडे पाठव, ती मला छापून देईल, हेही मीच सुचवलं.

सप्टेंबरच्या मध्यावर नीलांबरी कागद घेऊन आली. माझ्या डोळ्यांसाठी मोठ्या अक्षरात छापलेला. मी खिडकीशी बसून तो तीनदा वाचला. अजून पाठ आहे.

"काकू, इथला मोठा चौक सपाट नाहीच. शिंपल्यासारखा उतरता आहे, आणि लोक खुशाल विटांच्या जमिनीवर बसतात, आडवे होतात, कुणी हटकत नाही. गावात गाड्या नाहीत, त्यामुळे सकाळी चालणाऱ्यांच्या चपला ऐकू येतात. प्रत्येक मोहल्ल्याचा एक प्राणी ठरलेला आहे. माझा मोहल्ला गोगलगायीचा. शेजारचे साळिंदरवाले आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. गल्ल्या इतक्या अरुंद की वरच्या दोरीवरचे कपडे डोक्यावर ठिबकतात. महालातल्या गल्ल्यांची आठवण झाली."

महाल म्हणजे नागपुरातला. अनया तिथे नऊ वर्षांची असताना बारा दिवस राहिली होती. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण माणसाला जे हवं असतं ते समोर आल्यावर कोण कशाला तपासतं? मी म्हटलं, बघा, पोरीनं लक्षात ठेवलंय.

ते पत्र मी मंडळाच्या सभेत वाचलं. अध्यक्षांनी खोलीचा विषयच मागे घेतला. आयांनी डोळे पुसले, नीलांबरीनंही पुसले. आठवड्यात अकरा नवी मुलं आली. दुसरं पत्र आलं, त्यात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं चर्च होतं, दुपारी खिडक्या लावून निजणारं गाव होतं. त्यातला एक परिच्छेद मी मुलांना शुद्धलेखनाला घातला. प्रत्येक पत्राला मी दोन पानी उत्तर लिहायची आणि फोटो काढून पाठवायला नीलांबरीकडे द्यायची. त्या महिन्यात मला गुडघेदुखीसुद्धा आठवली नाही.

तिसरं पत्र ऑक्टोबरमध्ये आलं, संकष्टीनंतर चार दिवसांनी. "काकू, आज तुमचा उपास असेल म्हणून मीही चौकात चंद्राची वाट बघत बसले. बरोबर आठ वाजून सात मिनिटांनी तो उगवला आणि मी तुमच्या वतीनं नमस्कार केला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागद ठेवून पाणी प्यायला उठले तर समोर फ्रीजवर माझाच तक्ता होता. ऑक्टोबर, संकष्टी, चंद्रोदय ८.०७. ईडन प्रेरीचा.

मी ग्लास तसाच ठेवला. संध्याकाळी प्रसादला त्या दिवसाची सिएनाची वेळ कॉम्प्युटरवर बघायला लावली. सात एकोणपन्नास. शिवाय त्या चौकाभोवती उंच इमारती आहेत, हे त्याच पत्रांनी मला सांगितलेलं; त्यांच्यावर चंद्र यायला आणखी तासभर तरी लागणार. प्रसाद म्हणाला, जाऊ दे ना आई, अठरा मिनिटांनी काय होतं. अठरा मिनिटं मागेपुढे झाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण तो चंद्र माझ्या फ्रीजवरून उचललेला होता.

शनिवारी सकाळी नीलांबरी नेहमीप्रमाणे पोळ्यांचा डबा घेऊन आली. मी तिला बसायलाही सांगितलं नाही. विचारलं, सिएनाला संकष्टीचा चंद्र किती वाजता उगवला. ती पटकन म्हणाली, आठ सात. मग तिची नजर फ्रीजकडे गेली आणि तिथेच राहिली.

"काकू, तुम्ही शाळा बंद करणार होतात," ती म्हणाली. "मला तुमचं ते रडणं बघवलं नाही हो."

मग सगळं बाहेर आलं. अनया आईला फोटो पाठवायची, ही नेटवर वाचायची आणि रात्री बसून पत्र रचायची. मला संताप आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. अकरा मुलांना मी एका नागपूरच्या बाईच्या कल्पनेतली इटली शुद्धलेखनाला घातली होती. सभेत मी पत्र वाचत होते तेव्हा समोर बसलेल्या हिला प्रत्येक पुढचं वाक्य ठाऊक होतं.

जायला निघालीच होती, तेव्हा मी सहज विचारलं, की मग पोरीनं स्वतः काहीच लिहिलं नाही का? नीलांबरी दारात थांबली. त्या वेळी ती 'नाही' म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. इतकी वर्षं ठेवतच होते. पण तिला ते जमलं नाही. तिनं फोन काढून माझ्यापुढे धरला. मेसेज नऊ सप्टेंबरचा, पहिल्या पत्राच्या आधीचा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी होती. तिनं वाचला आणि मी कागदावर उतरवून घेतला.

"काकू, मिस्टेक्स आहेत, सॉरी. इथे खूप सुंदर आहे पण मला रडू येते. ब्रेडच्या दुकानात बाई खूप फास्ट बोलते म्हणून मी फक्त बोट दाखवते. सगळे लोक बघते. मग मला आठवला की ग्रोसरीमध्ये तुम्ही पण बोट दाखवायची आणि मी हसली होती. मी लहान होती. सॉरी. तुम्ही इथे आली तेव्हा तुम्हाला किती दिवस रडू आला? मग तुम्ही काय केला? प्लीज सांगा."

मी इथे आल्यावर चार महिने रडत होते. वॉशिंग मशीन चालू करून, आवाज जाऊ नये म्हणून. प्रसादला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. आणि त्या पोरीला, स्वतःवर दुकानात बोट दाखवायची वेळ आल्यावर, चौदा वर्षांनी ते कळलं होतं. जगात मला एकटीला तिनं ते विचारलं होतं.

"हे का नाही दिलंस?" मी विचारलं.

"काकू, किती चुका होत्या त्यात. आणि ती रडत होती. तुम्हाला वाटलं असतं, एवढं शिकवून हेच का."

"तिला काय सांगितलंस?"

"सांगितलं, काकूंना खूप आवडलं." मग खाली बघत म्हणाली, "तिनं दोनदा विचारलं, काकूंचं उत्तर आलं का. मी म्हटलं, काकू सध्या बिझी आहेत."

माझी सगळी उत्तरं तिच्या ऑफिसच्या बॅगेत होती. पाठवणार तरी कशी, त्यांत मी गोगलगाय आणि साळिंदराबद्दल लिहिलं होतं. तिकडे ती पोरगी सहा आठवडे उत्तराची वाट बघत होती आणि इकडे मी दुसऱ्याच कुणाला तरी पत्रं लिहीत होते.

मी म्हटलं, लाव फोन. तिकडे संध्याकाळ होती. अनयाच्या मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता, मैत्रिणी असाव्यात. मी म्हटलं, बाळा, तू विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर द्यायला फोन केलाय. चार महिने रडले मी. मग एक दिवस...

"ओह काकू, ते?" ती म्हणाली. "इट्स ओके. ते फर्स्ट मंथमध्ये होतं. आता नाही रडत मी, आय फिगर्ड इट आउट." मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, मी ग्रोसरीचं लिहिलं म्हणून तुम्हाला राग आला. पण आई म्हणाली, तुम्ही बिझी होता. होता ना?"

नीलांबरी समोर उभी होती. दोन्ही हातांत पोळ्यांचा डबा, आणि माझ्याकडे अशा आर्जवानं बघत होती, जसं मी आजवर तिच्याकडे फक्त गाडीसाठी बघितलं असेल. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण परक्या गावात असलेल्या पोरीची आई मी फोनवरून कशी काढून घेऊ?

"हो गं," मी म्हटलं. "बिझी होते मी."

नीलांबरीनं सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. पत्रांचं मी तिला एखाद्या दिवशी माफ करीनही. पण त्या पोरीशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही हिचंच खोटं होतं. डबा टेबलावर ठेवून ती गेली. मी पोळ्या प्रसादला वाढल्या आणि डबा धुऊन त्याच्याच हाती परत पाठवला.