प्लास्टिकच्या झाडांचा संप

चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी एक बाई इंटरनेटवर कुंडीमावशी म्हणून ओळखली जायची. एका मोठ्या साइटवर घरातल्या आजारी झाडांचा ग्रुप होता. लोक पिवळ्या पडलेल्या पानांचे फोटो टाकायचे, जाणकार उपाय सांगायचे, आणि मॉडरेटर म्हणून मावशी भांडणं मिटवायची. पगार एक पैसा नाही. पाणी किती घालावं यावरून कोणी शिव्यांवर आलं, की एका हातात चष्म्याची दांडी धरून दुसऱ्या हाताने ती त्याची कमेंट उडवायची. घरात तिचं फारसं कोणी ऐकत नसे. इथे मात्र हजारो माणसं तिच्या एका शब्दावर गप्प बसत, त्यामुळे तिचा जीव या कामात रमला होता.

मग साइटवाल्यांना कमाईची हाव सुटली. एका सकाळी फर्मान निघालं: झाडाचं दुखणं फुकट सांगा, पण उपाय वाचायला पैसे पडतील. आणि मॉडरेटरला कमेंट किंवा फोटो उडवायचा असेल, तर आधी एक जाहिरात शेवटपर्यंत बघावी लागेल.

"शिवी देणार तो आणि शिक्षा मला," मावशी नवऱ्याला म्हणाली.

"जाहिरात कसली आहे?" त्याने विचारलं.

"गादीची."

"मग बघ नीट. आपल्याला घ्यायचीच आहे."

जाहिरातीत एक माणूस गादीवर पडायचा, उसळायचा आणि समाधानाने हसायचा. मावशी दिवसभर त्याला पडताना बघू लागली. तो एकदा पडून हसेपर्यंत ग्रुपवर आणखी चार जण एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करून मोकळे व्हायचे. एकदा तर गिऱ्हाइकाला नवा चष्मा घालून "आरसा बघा" म्हणायच्या ऐवजी तिच्या तोंडून "पाठीला आराम" असं निघालं. गिऱ्हाईक नकळत ताठ बसलं.

शेवटी ग्रुपच्या सगळ्या मॉडरेटरांनी व्हिडिओवर बैठक घेतली. एक दातांचे डॉक्टर होते, एक बस कंडक्टर होती, आणि एक जण कॅमेराच लावत नसे, त्याला सगळे अंधारवाला म्हणत. डॉक्टर म्हणाले, ग्रुपला कुलूप लावू.

"कुलूप ते उघडतील," मावशी म्हणाली. "त्यापेक्षा नियमाने वागू. हा ग्रुप झाडांचा आहे. जिवंतच झाडं हवीत, असं कुठे लिहिलंय?"

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर फक्त प्लास्टिकची झाडं घ्यायची ठरली; त्यांना उपायच लागत नाही, मग पैसे कशाचे? सभासदांनी तर ही गोष्ट डोक्यावरच घेतली. 'चार वर्षं झाली, माझ्या गुलाबाचं एकही पान गळत नाही. काळजी वाटते.' खाली कोणी विचारलं, 'ऊन दाखवलं का?' उत्तर आलं, 'दाखवलं. डावी बाजू वितळली.'

मावशीच्या सासूबाईंच्या खोलीत प्लास्टिकची सूर्यफुलं होती. त्या म्हणाल्या, "अगं, मलाही लिहू दे." त्यांना यातला विनोद कळला होता की नाही, देव जाणे. 'रोज ओल्या फडक्याने पुसावं, फार लाड करू नयेत,' असं त्या प्रत्येकाला अगदी मनापासून सांगायच्या. बघता बघता लोक त्यांचाच सल्ला मागू लागले.

मग साइटच्या अधिकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, ग्रुपवर खरी झाडं दिसत नाहीत."

"उपायाला पैसे पडतात ना. बिचारी अंगावरच काढतात."

"मग आम्हाला तुमच्या जागी दुसरा माणूस नेमावा लागेल."

"नेमा. पण त्याला गादीवर झोपायची आवड आहे का, ते आधी विचारून घ्या."

त्यांनी खरंच सगळ्यांना काढून एक उत्साही गृहस्थ नेमले. ते प्लास्टिकची झाडं उडवायला बसले, आणि दर झाडामागे गादीची जाहिरात. संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला आणि एक गादी मागवली.

पण साइटला खरा चटका बसला तो खताच्या कंपनीमुळे. तिच्या जाहिरातीखाली लोकांनी तक्रारींची रांग लावली: 'तुमचं खत घातलं, प्लास्टिकच्या जास्वंदीला काडीचा फरक नाही.' कंपनीने चिडून जाहिराती काढून घेतल्या. मग साइटवाले जरा खाली आले. उपाय पुन्हा फुकट झाले, गादीवाला माणूस गेला आणि जुने मॉडरेटर परत आले. दर दोन फोटोंमध्ये एक जाहिरात मात्र राहिलीच. मावशीने पहिली शिवी एका झटक्यात उडवली, आणि सवयीने तो गादीवाला पडायची वाट बघत तशीच बसून राहिली.

प्लास्टिकवाले मात्र जायला तयार होईनात. त्यांना वेगळा ग्रुप काढून दिला आणि सगळ्यांच्या आग्रहाने सासूबाई मॉडरेटर झाल्या. मावशीने कौतुकाने तिथे एका फोटोखाली लिहिलं, 'पानं जरा फिकी वाटतात.' कमेंट लगेच गायब झाली.

"आई, माझी कमेंट तुम्ही उडवलीत?" तिने चहा देताना विचारलं.

"लोकांना उगाच घाबरवायचं नाही," सासूबाई कप घेत म्हणाल्या. "आणि नातं घरात. तिथे मला मॅडम म्हणायचं."