आत्याचे कागदी ससे

आमच्या रेवदंड्याच्या घरी गणपतीच्या मखराला कागदाचे ससे टांगतात. पतंगाच्या पातळ कागदाला घड्या घालत गेलं की शेवटी हातात दोन लांब कान असलेला एक चपटा तुकडा उरतो. त्याच्या नाकाशी बारीकसं भोक असतं. त्यात फुंकर मारली की तो डबीसारखा चौकोनी फुगतो आणि ससा होतो.

घड्या आम्ही पोरांनी घालायच्या, फुंकर मात्र आत्याची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, लग्नानंतर वर्षभरात माहेरी परतलेली आणि तेव्हापासून घरावर राज्य करणारी. "ओल्या तोंडाचं काम न्हाय ते. थुंकी लागली की कागद फाटतो," ती म्हणायची. गणपतीत प्राण भटजी घालत, सशांत आत्या. मग ससे टांगताना तिचा दुसरा हुकूम सुटे, "कान देवाकडं करा. आरती ऐकू दे त्यांना." खाडीचा वारा आला की सगळे ससे पाठ फिरवून बसत, आणि त्यांना पुन्हा वळवण्यात आमची अर्धी आरती जाई.

मला तिचा फार राग यायचा. मी शाळा संपवली, नोकरीला लागले, उरणला संसार थाटला, दोन मुलींची आई झाले, तरी आत्याच्या लेखी माझं तोंड ओलंच.

यंदा पावसाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं. अलिबागच्या इस्पितळातून घरी आली ती न्हाणीघरापर्यंत जातानाही धापा टाकत होती. भाऊ म्हणाला, "या वर्षी लायटिंगच्या माळा लावू." मी त्याच्यावर खेकसले. माळा काय, कुणीही लावतं. पण सशांशिवायचं मखर मला बघवलं नसतं, आणि आत्याशिवायचे ससे तर त्याहून नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी तिच्या खाटेवर बसून घड्या घातल्या आणि पहिला ससा तिच्या ओठांशी धरला. तिने फुंकर मारली. त्याचा एक गाल जरासा वर आला आणि पुन्हा बसला. दुसऱ्या खेपेला तिला खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळत राहिले. उबळ थांबल्यावर ती बराच वेळ तो चपटा ससा तळहातावर घेऊन बसली.

मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि माझे ओठ पुसले, लहान पोरीचे पुसावेत तसे.

"फुंक," ती म्हणाली.

मला रडू आलं. पाणी गालावरून ओठांवर उतरलं, तसं तिने ते पुन्हा पुसले. "हळू, बाय. घाई न्हाय."

मी हळूच फुंकलं. ससा फुगला. आत्याने तो डोळ्यांजवळ नेऊन सगळ्या बाजूंनी तपासला, खाटेच्या कडेवर ठेवला आणि त्याचे कान समोरच्या रिकाम्या मखराकडे वळवले.