हळू, तिकडं फोटो चालू आहे

अशोक गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वाळूजहून परतताना कंपनीच्या बसमध्ये होतो. मनात आधी आलं ते हे, की मंगळवारी तर आमची पाळी आहे, आता हा कसा गेला?... पाळी दुर्बिणीची. चिलीतल्या एका डोंगरावरची दुर्बीण भाड्यानं घेऊन इथून कॉम्प्युटरवर चालवायची, हा आम्हा दोघांचा नाद. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. फार पूर्वी दोन दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे दोन अफाट समूह, एकमेकींजवळून गेल्या, ओढाताणीत दोघींच्या मधे ताऱ्यांचा अंधुक पूल तयार झाला. अशोकला तो पूल फोटोत हवा होता. कधी ढग आडवे यायचे, कधी वारा. पूल काही उमटेना.

अशोकच्या पायाला भिंगरी. तिकडे फोटो सुरू झाला, की हा गॅलरी ते स्वयंपाकघर येरझाऱ्या घालायचा. पूर्वी गच्चीवर त्याची स्वतःची दुर्बीण होती. कुणी पाय आपटला तरी फोटो हलायचा. शहराचे दिवे वाढले, दुर्बीण विकली, सवय मात्र राहिली. भर सकाळी गारखेड्यातल्या फ्लॅटचे पडदे ओढायचा आणि बायकोला मिक्सर लावू द्यायचा नाही.

"दुर्बीण सातासमुद्रापल्याड, आन् मी इथं चटणी वाटली तर काय हालणार हाय?" सुनंदावहिनी चिडायच्या.

"सुनंदा, हळू. तिकडं फोटो चालू हाय."

"लई येडे झालेत हे, भाऊजी!"

ती मंगळवारची पाळी वाया गेली. काही आठवड्यांनी पुन्हा मिळाली. माझ्या घरूनही जमलं असतं, पण चैन पडेना. सकाळीच त्याच्या टेबलापाशी जाऊन बसलो. बसलो कसला, उठबसच चालली होती. राग येत होता, ढगांचा नाही, अशोकचा. एवढी कसली घाई होती, गड्या?... अंधुक उजेड साठत जावा म्हणून जुन्या फोटोंवर नवे चढवत गेलो, आणि दोन्ही दीर्घिकांच्या मधे एक राखाडी रेघ दिसली. डाग असेल म्हणून पुन्हा तपासलं. डाग नव्हता.

मी ताडकन उठलो. खुर्ची धाडकन मागे पडली.

"भाऊजी, हळू!"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मागे ओट्यावर मिक्सरच्या भांड्यात शेंगदाणे भरून तसेच ठेवलेले. खोलीचे पडदेही ओढलेले होते; मी तर हात लावला नव्हता.

"चालू हाय ना अजून तिकडं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"चालू आहे, वहिनी," मी म्हणालो, आणि आवाज न करता खुर्ची उचलली.