गिलासाबाहेरचं पाणी

या ग्रुपवर मी नुसती वाचत असते. आजचं मात्र सांगावंसं वाटलं.

मिस्टर गेल्यानंतर मी दहिवलीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी धरली. उद्या माझा पहिला तास. जमेल की नाही, ही धास्ती आहेच. म्हणून आज ज्येष्ठ बाईंचा सहावीचा तास मागच्या बाकावर बसून पाहिला.

बाईंनी स्टीलच्या गिलासात बर्फ टाकला. बाहेरून थेंब जमले.

"हे पाणी आलं कुठून?"

"माठासारखं पाझरलं," मुलं म्हणाली.

खरं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. बाईंनी मात्र ते सांगितलं नाही, मुलांना चूकही म्हटलं नाही. "पाझरलं का, ते कसं बघायचं?" एवढं विचारून त्या गप्प उभ्या राहिल्या. ती शांतता मला सोसवेना.

शेवटी सानिका नावाची मुलगी उठली. "बाई, आत माझ्या बाटलीतलं कोकम सरबत ओता. पाझरलं तर बाहेर लाल येईल."

"तुला प्यायचं नाय म्हणून गं," तिच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

बाईंनी गिलास पुसून सरबत ओतलं. पुन्हा थेंब आले. सानिकाने ते पांढऱ्या रुमालाने टिपले. रुमाल पांढराच राहिला.

सगळा वर्ग थक्क, आणि सानिकाच्या युक्तीने मीही.

"मंग आलं कुठनं रं?" कोणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात घंटा झाली. बाईंनी उत्तर दिलंच नाही. मला म्हणाल्या, "उद्या इथूनच पुढे घ्या. मी मागे बसते."

हे गेल्यापासून मी उद्याची वाट पाहिली नव्हती. आज पाहतेय.

तुमच्यात कोणी शिकवत असेल तर सांगा, मुलं विचार करत असताना तुम्ही गप्प कसे राहता?