वहिनींच्या घरात कसर नव्हती

सिंगापूरच्या हवेशी उघड वैर धरलेलं एकच माणूस माझ्या पाहण्यात आलं, आणि ते म्हणजे माझ्या मित्राची बायको. आम्ही बाकीचे त्या दमट हवेला केव्हाच शरण गेलो होतो. पापड मऊ पडायचे, मीठ दगड व्हायचं, कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी चढायची आणि आम्ही 'इथे असंच असतं' म्हणून फडक्याने पुसून टाकायचो. वहिनींना ते मंजूर नव्हतं. त्यातही त्यांचा खरा राग होता तो कसरीवर. कसर म्हणजे ती चंदेरी, मिशीवाली, दिवा लावला की सुळकन फटीत शिरणारी आणि पुस्तकांपासून खळीच्या साड्यांपर्यंत सगळं कुरतडणारी. सिंगापूरच्या बिशान भागात आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये ते दोघं राहायला आले, तेव्हा आम्ही त्यांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं. वहिनी पानावर बसण्याआधी माझ्या पुस्तकांपाशी गेल्या. एक जाडजूड मॅनेजमेंटचं पुस्तक ओढून त्यांनी उघडलं, तर आतून एक कसर टपकन पडली आणि सोफ्याखाली पळाली. पानाच्या कडेची नक्षी मला दाखवत वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुमच्याआधी हिने वाचून संपवलं की." माझा मित्र मान खाली घालून वरणभात कालवत राहिला. त्याला सवय होती.

त्यांच्या घरात रोज सकाळी सगळी कपाटं सताड उघडी असत आणि समोर टेबलफॅन फिरत असे. बाथरूमची जमीन आंघोळीनंतर कोरडी पुसलेली, सिंकखालची फट बुजवलेली, जुन्या वर्तमानपत्राचा कपटासुद्धा नाही. डांबराच्या गोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "गोळ्या ठेवून तिला नुसतं शेजारच्या कपाटात पाठवता तुम्ही. तिला ओल लागते. ओल काढून घ्या, ती आपणच जाते," असं त्या माझ्या बायकोला समजावत. बुकित तिमाह भागातल्या एका कॉंडोत, म्हणजे बड्या लोकांच्या सोसायटीत, वास्तुशांत होती. यजमान नव्या वॉलपेपरचं कौतुक सांगत होते आणि वहिनींनी भिंतीवर बोटाने टकटक करून म्हटलं, "आतली खळ वाळलेली नाही. इथे वस्ती होणार." यजमानीणबाईंचा चेहरा पडला, मित्र छताकडे बघू लागला. पुढे कधीतरी त्याच बाईंचा घाबराघुबरा फोन आला आणि वहिनींनी डॉक्टरसारखी चौकशी केली, बाथरूमचं दार उघडं राहतं का, पाइप कुठे पाझरतो का. तेव्हापासून ओळखीच्या बायका वहिनींना जेवायला बोलवायच्या आधी घर पुसून घेत.

या घरात फितूर एकच होता, तो म्हणजे नवरा. मित्राला खोक्यांचा भारी सोस. रेडिओचं खोकं, राइस कुकरचं खोकं, बुटांचं खोकं. भारतात परत जाताना सामान कशात भरायचं, हा त्याचा सवाल. वहिनींच्या मते खोक्याची खळ म्हणजे कसरीचं जेवण, आणि खोक्याच्या घड्या म्हणजे तिचं बाळंतघर. मग तो ती खोकी गुपचूप आमच्या स्टोअररूममध्ये आणून ठेवी. वहिनींना हे ठाऊक होतं. एकदा चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं, "भावजी, यांच्या खोक्यांनी तुम्हाला पाय ठेवायला जागा ठेवलीय ना?" मित्र एवढा लाजला की त्याने बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला.

आणि तोच मित्र एके दिवशी पाया लेबार भागातल्या त्याच्या ऑफिसात, जेवून येऊन खुर्चीत बसला तो कोसळला. हॉस्पिटलमध्ये आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. वहिनी रडल्या नाहीत. त्याच्या चष्म्याची काच पदराने पुसत बसल्या होत्या.

त्यानंतर माझी बायको रोज त्यांच्याकडे जायची. घरातल्या खिडक्या बंद असायच्या, कपाटं बंद, बाथरूममध्ये ओल तशीच. एका दुपारी त्याच्या शर्टांवरून एक कसर सरसर गेली. माझ्या बायकोने ती हळूच चिमटीत पकडली आणि वहिनींना कळू न देता बाहेर जाऊन टाकली. मला हे सांगताना तिला हुंदका आवरला नाही.

मित्राचा नोकरीवर मिळालेला राहण्याचा पास रद्द झाला, आणि त्यावरच मिळालेला वहिनींचाही. काही आठवड्यांत देश सोडायचा होता. घरमालकीण, एक वयस्क चिनी बाई, भेटायला आली. "यू स्टे लाह, भाडं वाढवणार नाही," असं ती तिथल्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणत होती. प्रश्न भाड्याचा नाही, हे मी तिला समजावलं, तेव्हा ती वहिनींचा हात धरून बसली.

सामान बांधायला मी त्याचीच खोकी नेली. वहिनींनी राइस कुकरच्या खोक्यावर हात ठेवला. "सगळी जपलीत होय," एवढंच म्हणाल्या. मग प्रत्येक खोकं कॉरिडॉरच्या उन्हात उपडं करून झटकलं, पुसलं, आणि त्याचे शर्ट स्वतः घडी घालून भरले.

शेवटच्या दिवशी किल्ल्या घ्यायला गेलो, तर वहिनी स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून ओट्याखालची एक नवी फट पांढऱ्या सिमेंटने बुजवत होत्या.

"वहिनी, आता कशाला? टॅक्सी खाली उभी आहे."

"नव्या भाडेकरूंना लहान मूल आहे म्हणे," त्या बोट फिरवत म्हणाल्या. "रांगेल ते इथे."

वहिनी आता सोलापूरला भावाकडे असतात. रविवारी आम्ही फोन करतो. मध्यंतरी मी विचारलं, कसं चाललंय.

"बरं आहे. इथली हवा कोरडी. कपाट उघडलं की खडखडीत. काही करावंच लागत नाही, भावजी." मागे भावाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"आमच्याकडे परवा एक दिसली," मी म्हणालो. खरं तर काहीच दिसलं नव्हतं. माझी बायको माझ्याकडे बघत राहिली.

"कुठे?" वहिनींचा आवाज एकदम जागा झाला. "पुस्तकांत की कपड्यांत? थांबा, आधी मला सांगा, बाथरूमचं दार उघडं ठेवता का तुम्ही?"

मी सांगत गेलो, त्या विचारत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सांगा काय झालं ते." मी हो म्हणालो.